नाशिक, मामा आणि सतरा मतं

नाशिकला चाललेय म्हणलं की ऑफिसमधले लोक दोनच गोष्टी विचारतात, वायनरीला जाणार का आणि येताना चिवडा आणशील का. वायनरीला मी गेले नाही, चिवडा आणला. मी गेले होते मामाकडे, डिसेंबरात तीन दिवस, आणि खरं सांगायचं तर प्रवासवर्णन वगैरे लिहायचा काही प्लॅन नव्हता, पण परत येताना एसटीत जे काही डोक्यात फिरत होतं ते कुठेतरी उतरवून काढावं म्हणून हे.

वाकडेवाडीहून सकाळी सहाची गाडी पकडली. नारायणगाव, आळेफाटा, मग चंदनापुरीचा घाट, संगमनेर, सिन्नर. पुणे-नाशिक रेल्वे होणार होणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय, तोवर एसटी झिंदाबाद. सिन्नरच्या पुढे थंडी अशी लागते की खिडकी बंद करायला दोन माणसं लागतात (खिडकी अडकलेली असते म्हणून). द्वारकेला ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं उभे होतो तेव्हा मामाचा फोन आला, "कुठे आलीस? मिसळ खाऊ नकोस, मामीने घरी केलीय." मी मिसळीच्या विचारातच होते, त्याला कसं कळलं देव जाणे. देव जाणे हे मामासमोर म्हणायचं नाही खरं तर, म्हणजे चालतं, पण तो हसतो.

मामा राहतो सिडकोत, पाचव्या स्कीममध्ये. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, सिडकोने इथे कामगारांसाठी घरं बांधली ती टप्प्याटप्प्याने, त्या प्रत्येक टप्प्याला लोक स्कीम म्हणतात आणि पत्ता तसाच सांगतात, पहिली स्कीम, दुसरी स्कीम असं सहापर्यंत. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत लागलेली खान्देश, मराठवाडा, कसमादे (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा), सगळीकडची माणसं इथे येऊन वसली. मामा सातपूरला एका कंपनीत मशीन शॉपला तीस वर्षं होता आणि त्यातली बावीस वर्षं युनियनमध्ये. सीटूची, म्हणजे माकपच्या (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या) कामगार संघटनेची युनियन, लाल बावटा. कंपनी बंद पडली, युनियनचं ऑफिस राहिलं, मामा अजून दुपारी तिथे जाऊन बसतो, कुणाचा पीएफ अडकलाय, कुठल्या अंगणवाडीताईचं मानधन आलं नाही, असले अर्ज लिहून देतो. अक्षर सुंदर आहे त्याचं.

आता गल्लीचं सांगते. गल्ली मामाच्या विरुद्ध आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. गल्लीत सगळे त्याला कॉम्रेड म्हणतात. किराणावाला म्हणतो, "काय कॉम्रेड, क्रांती कधी?" मामा म्हणतो, "साखर किती झाली ते सांग आधी." हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, फक्त साखरेचा भाव बदलतो. पण गल्लीच्या तोंडाला रामनवमीचा बोर्ड, पुढच्या चौकात भगवा कापडी कमान, रिक्षांच्या मागे तेच, दहीहंडीला तेच, आणि निवडणुकीत तर विचारायचंच नाही. या सगळ्यात मामाच्या दारावर एक अर्धा निघालेला स्टिकर, कुठल्यातरी जुन्या अधिवेशनाचा, विळा-हातोडा दिसतो, साल दिसत नाही. आत भिंतीवर फुले, बाबासाहेब, भगतसिंग, आणि त्यांच्या बरोब्बर खाली मामीचं देवघर, सप्तशृंगीचा फोटो, उदबत्ती. उदबत्तीचा धूर वर भगतसिंगापर्यंत जातो. दोघांचं यावर चाळीस वर्षांत एकदाही भांडण झालं नाही म्हणे, भांडण होतं ते पंख्यावरून.

आणि एक गंमत. गणपती मंडळाचा जमाखर्च मामा लिहितो. तेवीस वर्षं! आरतीला जात नाही, वर्गणी देतो, आणि विसर्जनानंतर वह्या घेऊन बसतो. मी विचारलं होतं अध्यक्षांना एकदा, मामाच का? ते म्हणाले, "अहो पैशाच्या बाबतीत दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवायचा?" हे बोलणारा माणूस मामाच्या पार्टीला आयुष्यात मत देणार नाही. माणसावर विश्वास आहे, त्याच्या म्हणण्यावर नाही, हे दोन खण लोकांच्या डोक्यात इतके वेगळे कसे राहतात मला अजून कळलेलं नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपचा किस्सा मात्र थोडा टोचणारा आहे. स्कीमचा ग्रुप आहे, सकाळी सुप्रभात, दुपारी पाणी कधी येणार, रात्री देशाची चिंता. मामाने एकदा कामगार कायद्यांबद्दल काहीतरी टाकलं, बारा तासांची ड्युटी वगैरे, तर लगेच अॅडमिन, "कृपया ग्रुपवर राजकारण नको." त्याच्या वरचा मेसेज आणि खालचा मेसेज दोन्ही राजकारणाचेच होते की! पण ते राजकारण नसतं, ते वातावरण असतं. आपण थोडे असलो की आपलं तेवढं राजकारण. मामाने "बरं" असा एक शब्द टाकला आणि तेव्हापासून तो ग्रुपवर फक्त पाण्याच्या टायमिंगबद्दल बोलतो. मी असते तर लेफ्ट झाले असते. मामा म्हणतो, "लेफ्टच आहे मी, अजून काय होऊ?"

तर सतरा मतं.

मागे एका विधानसभेला मामाच्या पार्टीचा उमेदवार उभा होता आणि मामा मतमोजणीला काउंटिंग एजंट म्हणून बसला होता. मशीननुसार आकडे येतात ना, त्यामुळे आपल्या बुथावर कुणाला किती हे समजतं. मामाच्या बुथावर आठशेच्या वर मतदान झालं आणि त्यांच्या उमेदवाराला पडली सतरा. मामाने ते आकडे डायरीत लिहून घेतले आणि घरी येऊन हिशोबाला बसला, जमाखर्चाचीच सवय. स्वतः एक, मामी दोन, युनियनमधले दोघं आणि त्यांच्या बायका म्हणजे सहा, एक रिटायर्ड शिक्षक, दोन अंगणवाडीताया, एक रिक्षावाला, एक शिक्षकांचा मुलगा. अकरा. मग उरलेले सहा कोण?

हसू नका, पण हा माणूस गेली काही वर्षं ते सहा शोधतोय. कुणाला विचारता येत नाही, विचारलं तर लोक सांगणार नाहीत, आणि सांगितलं तर खरं असेल कशावरून. तो नुसता बघतो. दूधवाल्याने पहिल्यांदा स्वतःहून मानधनाच्या मोर्चाबद्दल विचारलं, मामाने डायरीत त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. एक सापडला तो असा, कोपऱ्यावरच्या घरातले अप्पा गेले, जन्मभर वारकरी, कपाळाला बुक्का, मामाशी कधी राजकारण बोलले नाहीत. अमरधाममध्ये त्यांचा मुलगा मामाच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "बाबा तुमच्याच खुणेला द्यायचे. मिलमध्ये होते ना आधी. पण सांगू नका म्हणायचे." मामा सांगताना इथे थांबतो. म्हणतो, "सतरा वर्षं समोरासमोर राहिलो, एक कप चहा घेता आला असता यावर." मग डायरीत अप्पांच्या नावावर बरोबरची खूण केली आणि कंसात मयत. म्हणजे उरले पाच.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही पंचवटीत गेलो. मामीला काळारामाचा नारळ द्यायचा होता, तिचे गुडघे दुखतात म्हणून ते काम माझ्याकडे. मामाची जुनी स्कूटर, गंगेवर (गोदावरीला नाशकात गंगाच म्हणतात) नेहमीसारखी गर्दी, रामकुंडावर दशक्रिया, बाजूला सेल्फी, वर पुरणाच्या मांड्यांची दुकानं. सिंहस्थाची तयारी सगळीकडे दिसते, खोदलेले रस्ते म्हणजेच तयारी.

काळाराम मंदिराच्या दरवाजाशी मामा थांबला. "तू जाऊन ये, मी चपला बघतो." मी आत जाऊन नारळ देऊन आले तर हा दगडी चौकटीला हात लावून उभा. मला वाटलं थकला. म्हणाला, "मी इथपर्यंत येतो नेहमी. दार बघायला."

दलितांना या मंदिरात जाऊ द्यावं म्हणून झालेल्या सत्याग्रहाचं आपण पुस्तकात वाचलेलं असतं, पण त्या दाराशी उभं राहून ऐकणं वेगळं. २ मार्च १९३०. दांडी यात्रा निघाली १२ मार्चला, म्हणजे त्याच्याही दहा दिवस आधी बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड हजारो माणसं घेऊन इथे आले आणि दारं बंद करून घेतली गेली. दुसऱ्या दिवसापासून तुकड्या दारांवर बसायला लागल्या, पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बायका. त्या पंचवीसजणींची नावं किती जणांना माहिती असतील? मग ९ एप्रिलला रथाचा दिवस, दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा असं ठरलेलं, आणि आयत्या वेळी रथ भलतीकडूनच पळवला, दगडफेक झाली, बाबासाहेबांना वाचवायला कार्यकर्त्यांना त्यांच्याभोवती उभं राहावं लागलं. चार-पाच वर्षं हे प्रकरण चाललं. दार काही उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून जन्मलो, मरणार नाही.

पण मामाला या सगळ्यात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तो म्हणाला, "सत्याग्रह करून माणसं संध्याकाळी परत कुठे गेली? आपापल्या गावातच ना. दिंडोरीला, निफाडला, त्याच पाटलाच्या विहिरीजवळ." आणि तिथे मग राग निघाला. रस्ते बंद, पोरांची शाळा बंद, दुकानात सामान मिळेना. दारावर बसणं एक दिवसाचं, परत जाऊन शेजाऱ्यात राहणं रोजचं. हे बोलताना तो स्वतःची बरोबरी त्यांच्याशी करत नव्हता हं, तेवढी अक्कल आहे त्याला, ब्राह्मण नसला तरी वरच्याच जातीतला आहे आणि त्याला कुणी पाणी नाकारलं नाही कधी. ग्रुपवर गप्प बसवणं आणि विहीर बंद करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मीच त्याला सांगायला गेले, तर म्हणाला, "म्हणूनच तर मी कुरकुर करत नाही, तू करतेस."

आणि याच नाशिकने १९५७ ला दादासाहेब गायकवाडांना लोकसभेत पाठवलं. हेही खरं. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती तेव्हा, पण लाटेत का होईना, ज्या माणसाला मंदिरात घेतलं नाही त्याला दिल्लीला पाठवलं. अभिनव भारत इथलीच, सावरकर इथल्याच भगूरचे, कलेक्टर जॅक्सनवर १९०९ ला गोळी झाडली ती इथल्याच थिएटरमध्ये. त्यामुळे नाशिक म्हणजे असं असं, हे एका वाक्यात सांगणारा माणूस मला आवडत नाही, आणि मी स्वतः पुण्यात बसून नेहमी तेच करते. (पुण्याबद्दल कुणी केलं की राग येतो.)

परत येताना तपोवनातून आलो. साधुग्रामसाठी (सिंहस्थात साधूंची राहायची जागा) इथली सतराशे-अठराशे झाडं तोडायचा विषय निघाला आणि नाशिककर रस्त्यावर आले, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. मामाही गेला होता. त्याने मला जागा दाखवली, "इथे उभा होतो, आणि शेजारी कोण, तर आपले काका." आपले काका म्हणजे दोन घरं सोडून राहणारे, पन्नास वर्षं शाखेत जाणारे, कोरोनात मामासाठी ऑक्सिजनचं सिलिंडर मध्यरात्री डोक्यावर घेऊन आलेले. दोघांनी एकच बोर्ड धरला होता, एका बाजूला हा, एका बाजूला ते. फोटो आहे. तो फोटो काकांनी ग्रुपवर टाकला, चाळीस अंगठे. मामाने दुसऱ्या कोनातून काढलेला टाकला, तीन. मी म्हणलं वाईट वाटलं का, तर म्हणाला तीनपैकी एक कोण ते बघितलंस का, दूधवाला.

दुसऱ्या दिवशी सुरगाणा, नाशिक जिल्ह्यातलाच आदिवासी तालुका. हा मामाचा हट्ट. "तू इथली गल्ली बघून जाशील आणि लिहिशील की आमचं काही नाही, चल तुला दाखवतो." सीबीएसवरून (जुना मध्यवर्ती स्टँड) एसटी. २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च इथूनच, सीबीएस चौकातून निघाला होता, ६ मार्चला, आणि १२ मार्चला मुंबईत पोचला, एकशेऐंशी किलोमीटर पायी. शेवटच्या रात्री दहावीच्या पोरांची सकाळी परीक्षा म्हणून ही रक्ताळलेल्या पायांची माणसं झोप न घेता रात्रीच सायनहून आझाद मैदानाला चालत गेली. मामा तेव्हा चौसष्टचा, निघाला होता मोठ्या जोशात, इगतपुरीला घाटनदेवीपर्यंत गेला आणि गुडघ्याने सांगितलं बास. "कम्युनिस्ट माणूस आणि थांबलो कुठे, तर देवीच्या दारात," असं म्हणून तो स्वतःच हसतो. मामी म्हणते नवस बोलले होते मी, गुडघा धरू दे म्हणून, नाहीतर हे मुंबईत मेले असते.

दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंनी द्राक्ष, यंदा पावसाने वाट लावली सगळी, निम्म्या बागा रिकाम्या वाटत होत्या. वणीला गाडी बदलल्यासारखी रिकामी झाली आणि वेगळीच माणसं चढली. पुढे घाट, हवा बदलते, बोरगावच्या आसपास रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीची टेबलं, सापुताऱ्याला जाणाऱ्या गाड्या थांबून घेतात. आणि मग हळूहळू भिंतींवर दिसायला लागतं, विळा, हातोडा, तारा. घरांवर लाल झेंडे, आणि ते निवडणुकीपुरते बांधलेले नाहीत, उन्हाने गुलाबी पडलेले. मामा खिडकीकडे बसला होता आणि त्याचा चेहरा, काय सांगू, पुण्यात कुणीतरी अचानक अहिराणी बोललं की आमच्या ऑफिसच्या वॉचमनचा होतो तसा झाला.

इथून माकपचे जे. पी. गावित सात वेळा आमदार झाले. आता नाहीत, २०१९ ला हरले, २०२४ लाही हरले, तरी तालुक्यात बावटा आहे. लोक कोकणा, महादेव कोळी, वारली. आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते लाँग मार्चमधले मामाचे दोस्त, इगतपुरीपर्यंतचे, पुढे ते गेले आणि मामा परत आला. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, ठेचा. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, ही माहिती अनावश्यक आहे पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यांचा विषय एकच, जमीन. वनहक्काचा कायदा आला २००६ ला, दावे टाकले, हेलपाटे घातले, मार्च काढला, पट्टा आला, पण बाप-आजापासून कसतात त्याच्या निम्म्याहून कमी जमिनीचा. त्या घरातल्या काकू म्हणाल्या, "कागदावर उभं राहायला जागा, नांगर फिरवायला नाही." पावसाळा संपला की दोघं दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षाच्या बागांत मजुरीला. म्हणजे माझे ऑफिसवाले ज्या वायनरीबद्दल विचारत होते, तिकडचीच कुठली तरी वेल यांनी छाटलेली असणार. २०२२ ला इकडच्या काही गावांनी तर रस्ते-पाणी देत नाही तर आम्हाला गुजरातेत घाला असं निवेदन दिलं होतं.

आणि आता तो टपरीवाला, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय बहुतेक.

परतीच्या गाडीला तास होता म्हणून फाट्यावर चहाला बसलो. टपरीवर दुसऱ्या पार्टीचं कॅलेंडर. मामाने बघितलं, काही बोलला नाही. पण मामाच्या खिशाला तो छोटा लाल बिल्ला असतो, तो टपरीवाल्याने बघितला. चहा देताना म्हणाला, "नाशिकचे का? तिकडे तुमचं काही चालत नसंल."

मामा म्हणाला, "नाही चालत. तुमचं इथं?"

"आमची गावात चार घरं. लग्नाला बोलावत्यात, मयतीला येत्यात. पण मिटिंग असली की सांगत नाहीत. रस्त्याचा विषय का असंना. मंग दुसऱ्या दिवशी मला पोरगं सांगतं अमुक ठरलं."

"बोलत का नाही तुम्ही?"

"बोललो एकदा. म्हणले राजकारण आणू नको."

मी मामाकडे बघितलं. मामा चहाकडे बघत होता. मग त्याने जे विचारलं ते फक्त तोच विचारू शकतो, "तुमच्या बुथावर किती पडली?" आणि त्या माणसाने एक सेकंद न थांबता सांगितलं, "एकवीस." दोन म्हातारे एकमेकांना शुगर किती निघाली विचारतात तसं. "माझी सतरा," मामा म्हणाला. "माणसं माहितीत का एकवीस?" तो म्हणाला, "चौदा माहितीत." मग दोघं असे काही हसले की मला फोटो काढायचं सुचलं नाही. चहाचे पैसे त्याने घेतले बरं का, सोडले नाहीत, उगाच गोड करून सांगत नाही.

गाडीत बसल्यावर मामाचं सुरू झालं. "हे तसं नाही. तिकडे मागे सगळी सत्ता आहे, पैसा आहे, इथे ही फाटकी माणसं आहेत, यांना भीती असते की हा बातमी पुढे पोचवेल, फॉरेस्टवाल्यांना, पोलिसांना." बोरगाव ते वणी हेच. त्यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही, ज्याच्या जमिनीचा कागदच दुसऱ्याच्या हातात आहे तो सावध राहणारच. पण मी म्हणलं, मामा, वाक्य तेच होतं. राजकारण आणू नको. अक्षराला अक्षर. तर म्हणाला तू पुण्याची, तुला वाक्यंच दिसणार. मग वणीला त्याने शेंगदाणे घेतले, अर्धे मला दिले आणि दिंडोरी येईपर्यंत गप्प. दिंडोरीला म्हणाला, "रस्त्याच्या मिटिंगला तरी बोलवायला पाहिजे होतं त्याला. फोन करतो मी." केला का ते माहीत नाही, मी निघेपर्यंत तरी नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. मामा बुथाच्या कामाला गेलेला, महापालिकेच्या निवडणुकीची धामधूम सुरू झाली होती आणि वॉर्डात यांचा उमेदवार आहे की नाही हेच अजून ठरत नव्हतं, तरी मतदार याद्या घेऊन हा पळतोय. मामी माझ्यासाठी डबा भरत होती, चिवड्याचं पुडकं, बाजरीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, माझी बॅग फुटायची वेळ आली. मी सहज म्हणलं, मामी, तुला कंटाळा नाही येत का त्या सतरा मतांचा, रोज रात्री तीच डायरी.

ती चटणीच्या डब्याला झाकण लावत म्हणाली, "अगं मी कुठे दिलं होतं त्यांना."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्या वर्षी नाही दिलं. त्याच्या आधी द्यायचे. त्या वर्षी माझं डोकं फिरलं होतं, कंपनीच्या पैशाचं भांडण चाललेलं, यांनी माझी पाटली युनियनच्या केसला मोडली न विचारता. म्हणलं जा."

"मग कुणाला दिलंस?"

"ते कशाला सांगू? गुप्त असतं ना मतदान."

"आणि मामाला नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही की. धरूनच चाललेत." मग हसली आणि म्हणाली, "सांगू नकोस हं. पाटली परत केली त्यांनी नंतर, पाच वर्षांनी. आता देते."

ठक्कर बाजारला मामाच सोडायला आला, स्कूटरवर, बॅग पुढे पायात. मी मागे बसून त्याच्या टोपीकडे बघत होते आणि काही बोलत नव्हते म्हणून त्याला वाटलं मी थकले. गाडी लागेपर्यंत तो स्टँडवर उभा राहिला, खिडकीतून बोलत होता, या वेळी बुथ फुटलाय म्हणे, निम्मी मतं दुसऱ्या शाळेत गेली, त्यामुळे आता ते उरलेले पाच शोधणं अवघड होणार, दूधवाला तर तिकडेच गेला. "पण पाचच आहेत. सापडतील." कंडक्टरने बेल मारली.

सिन्नरच्या पुढे माझ्या डोक्यात हिशोब लागला. मशीन तर खोटं बोलत नाही, सतरा म्हणजे सतरा. त्यातली मामी गेली तर ओळखीचे राहिले दहा, अप्पा धरून अकरा. म्हणजे अजून सापडायचे आहेत ते पाच नाहीत, सहा.